गल्लीतला बर्फ आणि निळा पासपोर्ट

‘‘अगं, इथे इलेक्शन आहे आणि कळतही नाही!’’ ऑक्टोबर 2022 मध्ये ब्रॅम्प्टनहून मैत्रिणीचा फोन. ना लाऊडस्पीकर, ना दादा-भाऊंचे फ्लेक्स. लोकांच्या लॉनवर उमेदवारांच्या नावाच्या पाट्या, बस्स.

कॅनडातल्या ऑन्टारिओचा फंडा सोपा आहे. दर चार वर्षांनी, ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी, अख्ख्या प्रांतात पालिकांचं मतदान. तारीख कायद्यातच लिहिलेली, त्यामुळे ‘पुढे ढकलली’ वगैरे भानगड नाही. (मुंबईकरांनो, 2017 नंतर थेट 2026! आठवतंय ना?) मतपत्रिकेवर पक्ष नाही, चिन्ह नाही. मेयर, नगरसेवक, शाळा बोर्डाचे ट्रस्टी, सगळ्यांची नुसती नावं. म्हणजे आधी होमवर्क करा. तो कोण करणार? 2022 ला प्रांतात जेमतेम 36 टक्के मतदान, टोरोंटोत तर 30 सुद्धा नाही.

मैत्रीण मात्र तळमळत होती. घर तिचं, प्रॉपर्टी टॅक्स ती भरते, पण पीआरवाल्यांना मत नाही, फक्त नागरिकांना. आणि शेजारचे काका? त्यांचं तळ्याकाठी कॉटेज आहे, म्हणून ते इथेही मत देतात, त्या गावातही. चक्क कायदेशीर!

मग घे ना नागरिकत्व, मी म्हटलं. ती गप्प. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. गल्लीतला बर्फ वेळेवर उचला, हे मतपेटीतून सांगायचं तर निळा पासपोर्ट परत करायचा. तिथलं पुढचं मतदान 26 ऑक्टोबर 2026 चं. फॉर्म तिने डाऊनलोड करून ठेवलाय. आईला अजून सांगितलेलं नाही.