पाळतीचे मूळ २००१ मध्ये शोधू नका

१/ अमेरिकी सरकार स्वतःच्याच नागरिकांवर ठेवत असलेल्या पाळतीचा विषय निघाला की एक ठरलेली कथा ऐकू येते. ११ सप्टेंबर २००१ रोजी मनोरे कोसळले, देश हादरला आणि भयापोटी स्वातंत्र्य गहाण पडले. ही कथा सोयीची आहे. तीत सारा दोष भयाच्या माथी जातो आणि न्यायालये नामानिराळी राहतात. प्रत्यक्षात या पाळतीचा पाया न्यायालयांनीच घातला, आणि तोही शांततेच्या काळात.

२/ सन १९२८. दारूबंदीचा अंमल. सिअ‍ॅटल पोलीस दलातील माजी अधिकारी रॉय ओल्मस्टेड चोरट्या दारूचा प्रचंड व्यापार करीत असे. केंद्रीय अधिकाऱ्यांनी टेलिफोनच्या तारांना जोड देऊन सुमारे पाच महिने त्याच्या टोळीची संभाषणे ऐकली. टिपणांची ७७५ टंकलिखित पाने भरली. वॉरंट नव्हते, शिवाय असे चोरून ऐकणे त्या राज्याच्या कायद्यानेच गुन्हा होता! तरीही सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले: अधिकारी घरात शिरलेच नाहीत, मग झडती झालीच कुठे?

३/ अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या चौथ्या घटनादुरुस्तीला सरन्यायाधीश टॅफ्ट यांनी असे उंबरठ्याशी बांधून टाकले. न्या. ब्रँडाइस यांनी भिन्नमतात बजावले होते की, खणातील कागद न हलवताही ते न्यायालयात हजर करण्याची साधने सरकारच्या हाती एक दिवस येतील.

४/ १९६७ च्या कॅट्झ खटल्यात, लॉस एंजेलिसमधील एका सार्वजनिक टेलिफोन बूथच्या निमित्ताने, न्यायालयाने भूमिका बदलली: संरक्षण जागांना नव्हे, माणसांना आहे. लोकप्रिय इतिहास येथे टाळ्या वाजवून पुस्तक मिटतो. मिटू नये.

५/ कारण खरा घाव पुढचा आहे. १९७६ च्या मिलर खटल्यात न्यायालयाने म्हटले की बँकेतील खात्याच्या नोंदींवर खातेदाराला घटनात्मक संरक्षण नाही. (आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कॅनरा बँक प्रकरणात हा निर्णय विचारात घेऊन नाकारला, हे सहसा कोणी सांगत नाही.) मग आला १९७९ चा स्मिथ विरुद्ध मेरीलँड. बाल्टिमोरमध्ये एका महिलेला लुटण्यात आले आणि पुढे लुटारूच तिला फोन करून सतावू लागला. पोलिसांच्या सांगण्यावरून टेलिफोन कंपनीने आपल्या कचेरीत, संशयिताने फिरवलेले क्रमांक टिपणारे यंत्र बसवले. वॉरंट याही वेळी नव्हते. न्यायालय म्हणाले, क्रमांक त्याने कंपनीला स्वेच्छेने कळवले होते. आता खासगीपणाची अपेक्षा कसली?

६/ ‘स्वेच्छेने’! सारी मखलाशी या एका शब्दात आहे. गिरणीत दळण टाकले म्हणजे पीठ गावाला वाटले असे होत नाही. न्या. मार्शल यांनी तेव्हाच दाखवून दिले की टेलिफोन ही गरज बनली आहे, आणि ज्याला नकार देता येत नाही त्याला संमती म्हणता येत नाही. बहुमताने ऐकले नाही.

७/ जून २०१३ मध्ये स्नोडेनच्या कागदपत्रांतून उघड झाले की व्हेरायझन कंपनीला ग्राहकांच्या फोनच्या नोंदी दररोज सरकारला देण्याचा गुप्त आदेश होता. त्यासाठी वापरलेले कलम २००१ च्या पेट्रियट कायद्यातले होते, हे मान्य. पण ते घटनेला धरून आहे हे पटवण्यासाठी सरकारने आणि गुप्त न्यायालयानेही हवाला दिला तो स्मिथचा. एका लुटारूच्या एका फोनसाठी शिवलेला अंगरखा कोट्यवधी निरपराधांना चढवला गेला. २००१ ने भूक वाढवली. पान १९७९ पासूनच वाढलेले होते.

८/ “पण २०१८ च्या कार्पेंटर निकालाने हे सुधारले ना?” अर्धेच. दरोड्यांतील त्या आरोपीच्या मोबाइलवरून १२७ दिवसांतील त्याच्या ठावठिकाण्याच्या १२,८९८ नोंदी वॉरंटशिवाय मिळवल्या होत्या. ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालयाने त्या कृतीला घटनाबाह्य ठरवले. मात्र स्मिथ आणि मिलर यांना आपण हात लावत नाही, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्याच निकालात स्पष्ट लिहिले.

९/ ती फट किती मोठी आहे, हे २०२१ मध्ये दिसले. संरक्षण खात्याच्या गुप्तचर संस्थेने कळवले की दलालांकडून विकत घेतलेल्या मोबाइल-ठिकाणांच्या माहितीसाठी कार्पेंटर निकालान्वये वॉरंट लागते, असे ती मानत नाही.