आधी मशीन बंद, मग कातरण

पुठ्ठ्याचा खोका आपल्यापैकी कोणाला नवीन नाही. पार्सल ऑफिसमधले हमाल आणि क्लार्क, आर.एम.एस.मधले सॉर्टर, टपाल कचेरीतले पॅकर आणि पोस्टमन अशा सर्वांच्या हातांतून तो रोज जातो. पूर्वी लाकडी पेट्यांतून जाणारा कितीतरी माल आता या खोक्यांतून जातो. खोका फाटला, दबला, भिजला की बोलणी आपल्याला बसतात. म्हणून खोक्याच्या मजबुतीविषयी आपण पुष्कळ बोलतो. तो बनवताना कोणाची बोटे पणाला लागतात, याविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो. या लेखाचा विषय तो आहे.

खोका कसा बनतो हे थोडक्यात पाहू. क्राफ्ट कागदाचे रीळ दातेरी रुळांतून जाते आणि कागदाला नळीदार घड्या पडतात. त्यावर खळीने सपाट कागद चिकटवला की पुठ्ठा तयार होतो. थर वाढवत गेले की तीन, पाच किंवा सात पदरी पुठ्ठा मिळतो. मग त्याच्या कडा छाटतात, घडीच्या रेघा पाडतात, झडपांसाठी खाचा कापतात आणि शेवटी तारेचे टाके मारतात किंवा गोंद लावतात. खोका विशेष आकाराचा असेल तर पाती बसवलेला साचा, म्हणजे डाय, पंचिंग मशीनवर चढवून पुठ्ठा एका दाबात कापतात.

या प्रत्येक टप्प्यावर कातरण निघते. कडांच्या लांब पट्ट्या, खाचांतले अरुंद तुकडे आणि डायमधून सुटणारे वेडेवाकडे काप, अशी तिची तऱ्हा. हिशेब साधा आहे. रिळाची रुंदी १२० सेंटिमीटर आणि त्यात ५८ सेंटिमीटरचे दोन पुठ्ठे बसवले, तर ४ सेंटिमीटरची पट्टी वाया जाते. म्हणजे शंभर टन कागदामागे तीन टनांहून अधिक कातरण नुसत्या कडांची. खाचा आणि डायची कातरण वेगळीच. ही कातरण मशीनपासून सतत दूर न्यावी लागते. नाहीतर मशीन अडते, पुठ्ठा वाकडा कापला जातो, पायाखाली निसरडे ढीग साचतात आणि एखादी ठिणगी पडली तर सगळा गाळा पेटतो.

मोठ्या कारखान्यांनी हा प्रश्न यंत्राने सोडवला आहे. मशीनखाली पट्टा फिरतो किंवा पंख्याच्या ओढीने कातरण नळातून उचलली जाते, धूळ वेगळी होते आणि शेवटी दाबयंत्रात तिच्या गासड्या बांधल्या जातात. पण आपल्या देशात खोक्यांचा धंदा फार मोठ्या प्रमाणावर लहान गाळ्यांतून चालतो. तिथे पट्टा नाही, नळ नाही. तिथे आहे तो माणसाचा हात. पंचिंग मशीनचा जबडा उघडतो, कामगार कापलेला पुठ्ठा बाहेर ओढतो, दुसरा आत ठेवतो, आणि मधेच डायमध्ये एखादा तुकडा अडकलेला दिसला तर तोही बोटाने उपटतो. जबडा त्याच्यासाठी थांबत नाही.

आता तुकडा अडकतो का, हे पाहण्यासारखे आहे. डायच्या पात्यांच्या बाजूला रबराच्या पट्ट्या लावलेल्या असतात. काप झाल्यावर पुठ्ठा आणि कातरण बाहेर ढकलणे हे त्या रबराचे काम. रबर झिजले की कातरण आतच राहते. पाते बोथट झाले की काप अर्धवट होतो आणि तुकडा लोंबत राहतो. म्हणजे रबर आणि पाते वेळेवर बदलले नाही की तेवढे काम कामगाराच्या बोटांवर येते. एखाद्या डायमध्ये कातरण वारंवार अडकत असेल, तर त्यात कामगाराचा आळस शोधण्यात अर्थ नाही. ती न केलेल्या देखभालीची पावती आहे. अपघात झाला की मात्र कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहून मोकळे होता येते.

रेल्वेतल्या बंधूंना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. २५ हजार व्होल्टच्या तारेवर काम करायचे असेल तर आधी पॉवर ब्लॉक घ्यावा लागतो, तार अर्थ करावी लागते, मगच माणूस वर चढतो. त्यामुळे गाडीला उशीर होतो, पण म्हणून कोणी ‘तार चालूच राहू द्या, जपून काम करा’ असे सांगत नाही. सांगितले तर आपली युनियन ते ऐकून घेणार नाही. मग चालत्या मशीनमधून कातरण काढण्याला मात्र ‘सवयीचे काम’ का म्हणायचे? बोटाला २५ हजार व्होल्ट काय आणि काही टनांचा दाब काय, दोन्ही सारखेच.

१९४८ च्या कारखाना कायद्यात याची तजवीज होती. कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा सक्तीचा केला. कलम १४ ने धूळ जिथे निघते तिथेच ओढून घेण्याची व्यवस्था मागितली, तर कलम ३२ ने चालण्याच्या वाटा मोकळ्या ठेवायला सांगितले. वीज वापरणारा आणि १० कामगार असलेला गाळा ‘कारखाना’ ठरत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्या व्याख्येत विजेवर चालणारा कारखाना म्हणजे २० कामगार, आणि विजेशिवाय चालणारा म्हणजे ४०. दहा ते एकोणीस कामगारांचा गाळा ‘आस्थापना’ म्हणून संहितेत राहतो, मालकाची सर्वसाधारण कर्तव्येही राहतात, पण खास कारखान्यांसाठी असलेल्या तरतुदींतून तो सुटतो. खोक्यांच्या धंद्यात नेमके असेच गाळे पुष्कळ आहेत. दहाच्या आतले तर पूर्वीही सर्वसाधारणपणे बाहेरच होते. जिथे हात सर्वांत जास्त धोक्यात, तिथे कायद्याचा हात आखूड, असा हा उलटा न्याय आहे.

दुसरा प्रश्न मजुरीचा. लहान गाळ्यांत बरेचदा नगावर दर असतो. इतके खोके, इतके पैसे. कातरण उपसणे, झाडणे, पोती भरणे हा वेळ त्या दरात कुठेच धरलेला नसतो. मशीन थांबवून कातरण काढली तर तेवढ्या वेळाची मजुरी बुडते. मग कामगार मशीन थांबवेल कशाला? त्याला घाई कोणी शिकवली नाही, ती दराने शिकवली. आणि ही कातरण फुकट जात नाही. स्वच्छ, न वापरलेली कातरण कागद गिरण्यांना हवीच असते. आपल्याकडचा क्राफ्ट कागद बहुतांशी रद्दीपासूनच बनतो. गासडी विकली जाते आणि पैसे मालकाच्या खात्यात जमा होतात. म्हणजे कातरणीला किंमत आहे, पण ती काढण्याच्या कामाला नाही.

बोटाची किंमत मात्र कायद्याने ठरवून ठेवली होती. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट आणि पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के घट असा हिशेब होता. ज्याचा उजवा अंगठा गेला तो पुन्हा पंचिंगवर उभा राहील का, याचे उत्तर अशा कोष्टकात मिळत नाही.

लहान मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. चीनने २०२१ पासून रद्दीची आयात बंद केल्यावर आपल्याकडचा क्राफ्ट कागद तिकडच्या मागणीमुळे महागला होता, आणि खोक्याचे दर वाढवून द्यायला मोठे गिऱ्हाईक सहजी तयार होत नव्हते. मधल्या मध्ये लहान गाळा चेपला जातो, हे खरे आहे. पण त्या चेपण्याचे ओझे शेवटी सर्वांत खालच्या माणसाच्या हातावर यावे, हे आपल्याला मान्य नाही. आणि लागणाऱ्या सगळ्याच गोष्टी खर्चिक नाहीत. जबडा उघडा असताना मशीन चालूच होणार नाही अशी जोडणी, हाताशी येणारा थांबवण्याचा दांडा, खाचांच्या मशीनखाली उतरती पत्र्याची घसरण, तुकडा ओढायला आकडा, वेळेवर बदललेले रबर. दाबयंत्राचे दार उघडले की दट्ट्या आपोआप थांबणे हेही त्यातलेच. ओढपंखा नंतर येऊ द्या, पण या गोष्टी आधी आल्या पाहिजेत.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात.

पहिली : चालत्या मशीनमधून कातरण काढणार नाही आणि काढू देणार नाही, हा नियम प्रत्येक गाळ्यात मराठी, हिंदी आणि तिथल्या कामगारांच्या भाषेत लावला जावा.

दुसरी : कातरण काढण्याचा आणि सफाईचा वेळ कामाचा वेळ धरून त्याची मजुरी मिळावी. नगावर काम असले तरी किमान वेतनाखाली जाता येणार नाही, हे तत्त्व कायद्यात आधीपासून आहेच.

तिसरी : वीसपेक्षा कमी कामगारांच्या गाळ्यांनाही यंत्राच्या आडोशाचे नियम लागू करावेत.

चौथी मागणी थेट आपल्याशी संबंधित आहे. रेल्वे आणि टपाल खाते ही सरकारी गिऱ्हाइके आहेत. जिथे जिथे खोके आणि पॅकिंगचे सामान खरेदी होते, तिथे निविदेतच सुरक्षिततेची आणि मजुरीची अट असावी, आणि ती पाळण्याइतका दरही द्यावा. हा ठराव आपल्या शाखांतून वर जाऊ शकतो. वाटाघाटींच्या टेबलावर बसण्याची जागा आपल्याला संघटनेने मिळवून दिली आहे. गाळ्यातल्या आठ-दहा जणांना ती नाही. आपल्याला मिळालेली जागा त्यांच्यासाठी वापरायची नाही, तर मग कशासाठी?

खोका आपल्या हातात येतो तेव्हा त्याच्या कडा सरळ असतात. त्या सरळ करणाऱ्याची दहाही बोटे शाबूत राहिली पाहिजेत. पुढच्या शाखा सभेच्या विषयपत्रिकेवर हा मुद्दा घ्या.