सांगितले म्हणून मानू नका, मोजून पाहा



वस्तीतल्या एका होतकरू मेकॅनिक मुलाने जुन्या पद्मिनीसाठी भंगारबाजारातून डिफरन्शियल आणले. ‘ओरिजिनल आहे’ एवढ्या शब्दावर महिन्याची कमाई मोजली. गाडी चढावर दमू लागली, तेव्हा खोलून पाहिले. दाते वेगळेच निघाले.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. पण हौशी लोक या गाड्या अजून सांभाळतात आणि आपल्या मुलांना त्यांचे काम मिळते. म्हणून ही रीत ध्यानात ठेवा.

मोठ्या क्राऊनचे दाते मोजा, त्यांना पिनियनच्या दात्यांनी भागा. ४३ ला १० ने भागले की प्रमाण ४.३. डिफरन्शियल गाडीतच असेल तर इंजिन बंद करा, पुढची चाके अडवा, मागची दोन्ही उचलून खाली मजबूत ठोकळे लावा. मग गिअर न्यूट्रल करून हँडब्रेक सोडा. एक चाक घट्ट धरून दुसरे पुरते दोन वेळा फिरवा. शाफ्टचे जितके फेरे, तितके प्रमाण.

गिअरबॉक्सच्या पेटीवरचा आकडा फक्त पेटीची ओळख सांगतो. आतले गिअर बदललेले असू शकतात. एकेक गिअर टाकून पुढचा शाफ्ट फिरवा, मागच्याचे फेरे मोजा. पद्मिनीच्या चौथ्या गिअरला एकास एक फेरा पडतो.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. तो उपदेश विहारापुरता नाही, गॅरेजातही कामाला येतो. मुलांनो, खडू आणि वही जवळ ठेवा. आधी मोजा, मग पैसे द्या.