कसोटीची कसोटी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रावर मत देऊ नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. तो मोडून हा लेख लिहीत आहे. कॉलेज सुटल्यावर आठवड्यातील चार संध्याकाळी मी एका मत्स्यालयाच्या दुकानात काम करतो आणि दुकानातर्फे लोकांच्या घरच्या काचेच्या टाक्यांची निगा राखायला जातो. त्यांतील काही टाक्या खाऱ्या पाण्याच्या असतात. तिथे मासे असतात, पण खरा मान असतो प्रवाळाचा, म्हणजे ज्याला आपण पोवळे म्हणतो त्या जिवंत प्राण्याचा. (आपल्या समुद्रातील प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला जाऊन तुकडा तोडून आणणे हा गुन्हा आहे आणि परदेशी प्राणी पाळायचा तरी नोंदणी लागते, हे हौशी मंडळींनी ध्यानात ठेवलेले बरे.)

या टाक्यांचे पाणी दर आठवड्याला तपासावे लागते. त्यासाठी लहान लहान बाटल्यांचे किट मिळते. माझे म्हणणे असे की, ज्या किटवर विसंबून आपण टाकीत काहीबाही ओततो, त्या किटची परीक्षा आधी झाली पाहिजे. आणि ती करणे कोणालाही जमण्यासारखे आहे.

मुळात तपासायचे कशासाठी? 'चॅलेंजर' नावाच्या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांचे पाणी गोळा केले. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने त्यातील ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून १८८४ साली दाखवून दिले की, खारेपणा कमी-जास्त असला तरी मुख्य क्षारांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ सगळीकडे तेच असते. समुद्राला हे शोभते, कारण समुद्र अफाट आहे. तीनशे लिटरच्या टाकीला ते परवडत नाही. प्रवाळ आपला सांगाडा बांधायला पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतो, आणि ते परत आणून घालणारी नदी दिवाणखान्यात नसते. ते माणसाने घालायचे. किती घालायचे, हे किटने सांगायचे.

आता किट सांगते कसे, ते पाहा. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, मोजायची तर ५ मिलिलिटर पाणी घेऊन त्यात आम्लाचे थेंब टाकत जायचे आणि निळा रंग पिवळा कितव्या थेंबाला झाला ते मोजायचे. बाटली उभी धरली तर थेंब एका मापाचे पडतात, तिरपी धरली तर माप बदलते. बूच सैल राहिले तर बाटलीतले पाणी उडते, आम्ल तीव्र होते आणि कमी थेंबांतच रंग पालटतो. नायट्रेटच्या किटमधील एका बाटलीत तळाशी भुकटी बसते. ती जोराने हलवली नाही तर पाण्यात नायट्रेट असूनही नाही असे दिसते. गुलाबी रंगाची छटा तक्त्याशी पिवळ्या दिव्याखाली जुळवली तर एक उत्तर, खिडकीपाशी जुळवली तर दुसरे. हे सगळे सूचनापत्रकात लिहिलेले असते, पण इंग्रजीत. आणि पुष्कळ घरी बाटली ज्याच्या हातात असते तो मुलगा सातवीतून शाळा सोडलेला असतो. सूचना वाचणारा एक आणि थेंब मोजणारा दुसरा, अशी आपल्याकडची कामाची वाटणी आहे.

या धंद्यात मला दोन पंथ दिसले. एका पंथाला किट म्हणजे ब्रह्मवाक्य. बाटली परदेशातून आली, महाग आहे, म्हणजे खरी असलीच पाहिजे. दुसऱ्या पंथाचे जुने जाणते म्हणतात, किट खोटेच. प्रवाळ फुललेला आहे ना, मग झाले. या दुसऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण ते निदान टाकीकडे बघतात. पण प्रवाळ कोमेजलेला दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. तिसरा एक श्रीमंत मार्ग निघाला आहे: पाण्याची बाटली परदेशी प्रयोगशाळेत पाठवायची आणि पंचवीस-तीस मूलद्रव्यांचा छापील अहवाल मागवायचा. अहवाल देखणा असतो. पण पाणी तिथे पोचेपर्यंत कित्येक दिवस बाटलीत पडून असते, आणि तेवढ्यात नायट्रेटसारख्या गोष्टी बदलू शकतात. शिवाय आज संध्याकाळी टाकीत काय घालायचे, या प्रश्नाला तो अहवाल उत्तर देत नाही.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. एका घरच्या किटवर अल्कलिनिटी ५ डिग्री आली. समुद्राच्या पाण्याची साधारण ७ असते. घरच्या साहेबांनी फर्मान काढले की ती आजच ८ वर न्या. मी एक दिवसाची मुदत मागितली. त्यांनी दिली, पण कपाळाला आठी घालून. खाण्याचा सोडा ३ ग्रॅम घेऊन एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवला आणि त्या द्रावणाच्या १०० मिलिलिटरमध्ये ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घातले, तर अल्कलिनिटी १० डिग्री येते. हा साधा हिशेब आहे. (सोडा ताज्या पुड्यातला हवा, आणि बेकिंग पावडर चालणार नाही.) अडचण तीन ग्रॅम तोलण्याची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सराफाचे दुकान आहे. तिथे पुडी घेऊन गेलो. सराफकाका आधी हसले, मग सोन्याच्या काट्यावर सोडा तोलून दिला आणि पैसे घेतले नाहीत. वर म्हणाले, "अरे, आम्हीही हेच करतो." कसोटीच्या दगडावर गिऱ्हाइकाच्या सोन्याची रेघ ओढायची, तिच्या शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची, दोन्हींवर आम्ल लावायचे आणि मग बोलायचे. दुसरी रेघ नसेल तर दगड मुका.

माझ्या १० डिग्रीच्या पाण्याला साहेबांच्या किटने ७ दिले. तीन वेळा केले, तीनही वेळा ७. म्हणजे टाकीतले ५ हे खरे तर ७ च्या आसपास होते. थेंबभर इकडेतिकडे धरा, तरी टाकीला काहीही झाले नव्हते. किटवर ८ दिसेपर्यंत सोडा घातला असता तर खरा आकडा अकराच्या पुढे गेला असता, आणि एका दिवसातली अशी उडी प्रवाळाला सोसत नाही. किट कोणत्या कंपनीचे होते याला महत्त्व नाही. बाटली जुनी होती आणि तिच्यावरची मुदत पुसली गेली होती.

ज्यांना तेवढीही खटपट नको, त्यांच्यासाठी वहीत एक परीक्षा आहे. प्रवाळ कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात उचलतो. अल्कलिनिटी १ डिग्रीने उतरली तर कॅल्शियम लिटरमागे साधारण ७ मिलिग्रॅमच उतरते. काही किटांत कॅल्शियमचा एक थेंब म्हणजे २० मिलिग्रॅम, म्हणजे ही घट त्यांना दिसणारसुद्धा नाही. तेव्हा आठवड्यात अल्कलिनिटी एकाने आणि कॅल्शियम साठाने उतरले अशी नोंद झाली, तर दोन किटांपैकी एक चुकते आहे किंवा मोजणाऱ्याचा हात चुकतो आहे. हे ओळखायला दर आठवड्याचे आकडे लिहिलेली दोनशे पानी वही पुरते. सुट्या एका आकड्याला फारसा अर्थ नसतो.

माझे वडील हातगाडीवर भाजी विकतात. त्यांचा काटा आणि वजने ठराविक मुदतीने वैधमापन खात्याकडून तपासून घ्यावी लागतात. शिक्का नसेल तर दंड. आणि असलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. तरीही रोज कोणी ना कोणी त्यांच्या काट्याकडे वाकून बघते, "नीट तोला हो" म्हणते. तीच मंडळी घरी जाऊन एका बिनशिक्क्याच्या बाटलीतले थेंब मोजतात आणि त्यावर हजारो रुपयांच्या जिवांचे भवितव्य ठरवतात, तेव्हा मला नवल वाटते. संशय घ्यावा, पण तो माणसाचे कपडे पाहून घेऊ नये.

हा श्रीमंतांच्या दिवाणखान्याचा प्रश्न, असे म्हणून कुणी पान उलटू नये. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पिण्याचे पाणी किटने तपासायचे प्रशिक्षण देण्याचे ठरले. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी माझी मावशी त्या पाचजणींत आहे. तिच्या पेटीत फ्लोराइडचीही बाटली आहे, आणि तिथे प्रश्न पोवळ्याचा नसून लहान पोरांच्या दातांचा आणि हाडांचा आहे. दिवाळीत तिने मला तक्ता दाखवून विचारले, "हा रंग खरा कशावरून?" तिला उत्तर देता येईल अशी सोय पेटीत नव्हती. लिटरला दीड मिलिग्रॅम फ्लोराइड ही पिण्याच्या पाण्याची शेवटची मर्यादा. नेमके तेवढे फ्लोराइड असलेल्या पाण्याची एक सीलबंद बाटली प्रत्येक पेटीत असावी आणि दर सहा महिन्यांनी ती बदलून मिळावी. सरकारी प्रयोगशाळांना हे काम कठीण नाही. आणि सूचनापत्रक मराठीत, मोठ्या टायपात छापावे. मावशीचा चष्मा जुना आहे.