शॉमबर्गचे वीजबिल कोठे ठरते?

१७ डिसेंबर २०२५ रोजी पेनसिल्व्हेनियातील 'पीजेएम इंटरकनेक्शन' या संस्थेने २०२७-२८ या वर्षासाठीच्या वीजक्षमतेच्या लिलावाचा निकाल जाहीर केला. दर निघाला मेगावॉटमागे दिवसाला ३३३.४४ डॉलर, म्हणजे मान्य कमाल मर्यादेला टेकलेला. तीनच लिलावांपूर्वी, २०२४-२५ या वर्षासाठी, हाच दर २८.९२ डॉलर होता. ही बातमी शॉमबर्ग, हॉफमन इस्टेट्स वा नेपरव्हिलमधील मराठी घरांत फारशी चर्चिली गेली नसेल. परंतु त्या घरांच्या बिलावरील 'पुरवठा' या रकान्याचा मोठा भाग अशाच लिलावांतून ठरतो.

बिलावर नाव असते कॉमेडचे. ही कंपनी मात्र तारा, खांब आणि मीटर सांभाळते. स्वतः वीजनिर्मिती करत नाही. पुरवठ्याची वीज ती घाऊक बाजारातून घेते आणि तिचा खर्च नफा न चढवता ग्राहकांकडे पोचवते. तेव्हा दरवाढीचा जाब तिला विचारून उपयोग थोडा. तो कोणाला विचारायचा, हाच आजच्या अमेरिकी वीजकारणातील कळीचा प्रश्न आहे.

एक राज्य, दोन बाजार

पीजेएमचा उगम १९२७चा. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतील वीजकंपन्यांनी आपापली केंद्रे जोडून राखीव क्षमता वाटून घेतली. पुढे १९५६मध्ये मेरीलँडची भर पडून आजचे आद्याक्षरी नाव रूढ झाले. आज तिचे क्षेत्र १३ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन एवढे पसरले असून साडेसहा कोटींहून अधिक लोक त्यात राहतात. उत्तर इलिनॉय, म्हणजे कॉमेडचा प्रदेश, त्यात सामील झाला २००४मध्ये. उर्वरित इलिनॉयचा बहुतेक भाग मात्र 'मायसो' या दुसऱ्या बाजारात आहे.

या सीमेचे परिणाम काल्पनिक नाहीत. २०२५-२६ साठी शॉमबर्गला लागू झालेला क्षमतादर २६९.९२ डॉलर होता. त्याच उन्हाळ्यात मायसोचा दर ६६६.५० डॉलरवर गेला आणि त्याची झळ स्प्रिंगफील्डच्या दक्षिणेकडील लहान गावांनाही बसली. एकाच गव्हर्नरच्या, एकाच विधिमंडळाच्या राज्यात दोन नागरिकांची वीज दोन वेगवेगळ्या बाजारांत ठरते. विजेच्या नकाशावर राज्याची सीमा जवळजवळ पुसली गेली आहे. तिच्या जागी बाजारांच्या सीमा उमटल्या आहेत.

भाव कसा निघतो

या बाजाराची मूळ रीत सोपी आहे. उद्याच्या प्रत्येक तासासाठी वीजकेंद्रे आपली वीज किती दराने देऊ शकतील ते आदल्या दिवशी कळवतात. स्वस्त प्रस्तावापासून सुरुवात करून मागणी पुरी होईपर्यंत ते एकावर एक रचले जातात. शेवटी ज्या केंद्राची गरज लागते, त्याचा दर त्या तासाचा भाव ठरतो आणि तोच सर्व निवडलेल्या केंद्रांना मिळतो. समजा, अणुकेंद्राने २० डॉलरला वीज देऊ केली आणि शेवटची गरज ४५ डॉलरच्या वायुकेंद्राने भागवली, तर अणुकेंद्रालाही ४५ डॉलरच मिळतात. प्रत्यक्ष दिवशी दर पाच मिनिटांनी हा हिशेब पुन्हा मांडला जातो, कारण हवा, वारा आणि बिघाड आदल्या दिवशीच्या अंदाजाला बांधलेले नसतात.

तारांची मर्यादा हा या हिशेबातील दुसरा घटक. स्वस्त वीज पश्चिमेकडे आहे आणि मागणी पूर्वेकडे, पण मधली पारेषणवाहिनी पूर्ण भरली, तर पूर्वेला जवळचेच महाग केंद्र चालवावे लागते. मग वाहिनीच्या दोन टोकांना दोन भाव निघतात. पीजेएमने ही स्थाननिहाय भावाची पद्धत १९९८मध्ये स्वीकारली. उत्तर इलिनॉयमध्ये अणुकेंद्रे आणि पवनचक्क्या विपुल असल्याने येथील भाव पूर्वेपेक्षा बहुधा कमी असतो. वाऱ्याच्या रात्री तो कधीकधी शून्याखालीही जातो.

महाराष्ट्राशी नाते असणाऱ्यांना हे तत्त्व सोलापूरच्या उदाहरणावरून चटकन उमजेल. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाशी एकाच लयीत जोडले गेले. त्याआधी दक्षिणेकडे वीज नेण्याची वाट अरुंद होती; म्हणून वीजविनिमय केंद्रात एकाच तासाला देशाचा भाव एक आणि दक्षिणेचा त्याहून चढा, असे वारंवार घडे. बाजार कागदावर एक असला, तरी तो तारांच्या जाडीएवढाच एक असतो.

न वापरलेल्या विजेची किंमत

शॉमबर्गच्या बिलातील वाढ मुख्यतः या रोजच्या भावातून आलेली नाही. ती आली क्षमतेच्या बाजारातून. येथे वीज विकली जात नाही. अमुक वर्षी, सर्वाधिक मागणीच्या घडीला आपण उपलब्ध असू, या हमीची किंमत दिली जाते. एक किलोवॉट मागणीमागे ढोबळ हिशेब केला, तर २०२४-२५ मध्ये ही हमी महिन्याला ८७ सेंटला पडत होती. २०२५-२६ मध्ये ती ८ डॉलरच्या पुढे गेली आणि आताच्या दराने ती १० डॉलर होते. संपूर्ण पीजेएमचा या हमीवरील खर्च एका लिलावात २.२ अब्ज डॉलरवरून १४.७ अब्जांवर गेला.

कारणे अनेक आहेत. जुनी केंद्रे बंद होत आहेत, नव्या केंद्रांचे जोडणीचे अर्ज वर्षानुवर्षे रखडले आहेत, आणि थंडीच्या लाटांत वायुकेंद्रे कितपत भरवशाची, याचे गणित पीजेएमने अधिक कडक केले आहे. परंतु बाजारावर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेने सर्वांत मोठे कारण म्हणून बोट ठेवले ते विदाकेंद्रांच्या, म्हणजे डेटा सेंटरच्या, मागणीवर. उत्तर व्हर्जिनिया हे त्यांचे जगातील सर्वांत मोठे आगर. शॉमबर्गला खेटून असलेल्या एल्क ग्रोव्ह व्हिलेजमध्येही त्यांची रांग उभी आहे. डिसेंबरच्या लिलावात तर कमाल दर देऊनही आवश्यक क्षमतेपेक्षा सुमारे ६,६०० मेगावॉट कमीच मिळाले.

येथे एक अवघड गोष्ट मान्य करावी लागते. आपल्यापैकी अनेकांची उपजीविका याच केंद्रांत चालणाऱ्या संगणकप्रणालींवर आहे. ही मागणी वाढवणारेही आपण, आणि तिची किंमत मोजणाऱ्या शेजाऱ्यांतही आपण. मात्र शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने या व्यवहारातून काय मिळवले, हा प्रश्न तिने विचारला तर त्याचे उत्तर देणे सोपे नाही.

जाब कोणाला विचारायचा?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७मध्येच निर्णय दिला, की राज्याबाहेर विकल्या जाणाऱ्या विजेचा दर राज्याला ठरवता येणार नाही. ही पोकळी काँग्रेसने १९३५च्या कायद्याने भरली आणि आंतरराज्य घाऊक विजेचा अधिकार संघराज्याकडे गेला. मेरीलँडने नव्या केंद्राला ठरावीक दराची हमी देऊ केली, तेव्हा तीही याच तत्त्वावर न्यायालयाने २०१६मध्ये रद्द केली. राज्याने किरकोळ दर आणि केंद्रांची परवानगी पाहावी, घाऊक भावात हात घालू नये, अशी ही विभागणी आहे.

तिचा परिणाम असा, की मतदार ज्यांना निवडून देतात त्यांच्या हाती भाव नाही, आणि ज्यांच्या हाती तो आहे त्यांना मतदार निवडत नाहीत. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जोश शापिरो यांना दरावर मर्यादा हवी होती, तेव्हा त्यांनाही केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाकडे तक्रारदार म्हणूनच जावे लागले. त्यातून एप्रिल २०२५मध्ये मर्यादा मंजूर झाली, तीही दोनच वर्षांच्या लिलावांसाठी. डिसेंबरचा दर थांबला तो याच भिंतीशी.

मग राज्याने बाजारातून बाहेर पडावे काय? सीमा ओलांडणारा व्यापार राजकारण्यांच्या हाती गेला, तर काय होते याची झलक मार्च २०२५मध्ये दिसली. आयातशुल्काच्या वादात कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने मिनेसोटा, मिशिगन आणि न्यू यॉर्कला जाणाऱ्या विजेवर २५ टक्के अधिभार लावला आणि दुसऱ्याच दिवशी तो स्थगित केला. याउलट, नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांतून बांगलादेशला पोचायला ऑक्टोबर २०२४चा त्रिपक्षीय करार लागला. पीजेएममध्ये असे व्यवहार रोज, प्रत्येक तासाला, कोणाचीही सही न मागता होतात. आजूबाजूची राखीव क्षमता वाटून घेण्याचा हा लाभ मोठा आहे. एकट्या राज्याला तीच हमी अधिक महाग पडण्याचा धोका आहे.

इलिनॉयने मधला एक मार्ग काढला होता. २०२१च्या स्वच्छ ऊर्जा कायद्याने बायरन, ड्रेस्डेन आणि ब्रेडवुड या अणुकेंद्रांशी पाच वर्षांचा करार झाला: बाजारभाव पडला तर ग्राहकांनी केंद्रांना आधार द्यायचा; भाव चढला तर केंद्रांनी वरची रक्कम ग्राहकांना परत करायची. अणुकेंद्रांना दिलेली खैरात म्हणून त्यावर टीका झाली. प्रत्यक्षात २०२२मध्ये भाव भडकले आणि कॉमेडच्या बिलांवर पैसे परत आले. बाजार न मोडता त्याच्या उसळीपासून संरक्षण मिळू शकते, हे या कराराने दाखवले.

तो करार मे २०२७मध्ये संपतो. ३३३.४४ डॉलरचा दर लागू होतो १ जून २०२७ रोजी. छत्री मिटण्याचा आणि पाऊस वाढण्याचा दिवस एकच आहे. त्याआधी करार नव्या रूपात आणायचा की नाही, आणि मोठ्या विदाकेंद्रांनी आपल्या गरजेची क्षमता स्वतः आणावी की सर्वांच्या बिलातून घ्यावी, हे दोन निर्णय व्हायला हवेत. दुसऱ्याचा बराच भाग पीजेएम आणि केंद्रीय आयोगाकडे आहे. पहिला मात्र स्प्रिंगफील्डच्या विधिमंडळात होऊ शकतो, आणि तेथे शॉमबर्गचे प्रतिनिधी बसतात. जाब विचारण्याची जागा अपुरी असली, तरी ती तेथे आहे.