माळ्यावरचा मुक्काम

झाडावरचं घर म्हटलं की हल्ली केरळातलं वायनाड आठवतं: हिरवी दरी, उंच झाडावर लाकडी खोली आणि रात्रीचं भरभक्कम भाडं. या अंकासाठी आम्ही मात्र जिंतूर तालुक्यातल्या बोरीच्या शिवाराकडे वळलो. इथे दरी नाही, पर्यटकही नाहीत. पण ज्वारी हुरड्यात आली की राखणीसाठी माळा बांधायची मराठवाड्याची रीत जुनी आहे. लिंबाच्या नाहीतर बाभळीच्या बेचक्यात आडव्या बल्ल्या, वर तुराट्यांचा थर, अंबाडीच्या दोरीची बांधणी, डोक्यावर कडबा. दोरीच का? वाऱ्यात फांदी हलते, तिच्यासोबत गाठही थोडी हलते. खिळा सैल होतो. (वास्तुविशारदांनी हे जरूर वाचावं.)

ज्वारीचं बरंच रान सोयाबीनने घेतलं, गोफणी खुंटीला लागल्या. जागरण मात्र सुटलं नाही. आता रानडुकरं येतात. म्हणून या विषयाला आम्ही आठवणींचा साज चढवलेला नाही, भर बांधणीवर आणि राखणदाराच्या रात्रीवर आहे. तुमच्या शेतात माळा असेल तर त्याची उंची, लाकूड, गाठींची पद्धत आम्हाला कळवा. फोटोपेक्षा हातानं काढलेलं रेखाटन आधी छापू.