गळालेल्या चौकटी

जुन्या व्हीएचएस कॅसेटींवरील लग्नकार्यें, मुंजी व स्नेहसंमेलनें संगणकांत उतरवून घेण्याचा प्रघात हल्लीं पुष्कळ घरांतून व शाळांतून पडला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. कॅसेट चालविणारीं नवीं यंत्रें आतां निघत नाहींत. जपानांतील फुनाई कंपनीनें जुलै २०१६ मध्यें तीं करणें थांबविलें. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनि संग्रहालयानें तर २०१५ सालींच, चुंबकीय फिती वांचविण्याची मर्यादा म्हणून २०२५ हें साल सांगून ठेविलें होतें. तेव्हां जें करावयाचें तें लवकर केलें पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. आमचा वाद आहे तो हें काम ज्या बेपर्वाईनें उरकलें जातें तिच्याशीं.

आपल्या देशांत रूढ असलेल्या पाल पद्धतींत चित्राच्या प्रत्येक सेकंदास २५ चौकटी असतात. म्हणजे तासाभराच्या चित्रांत ९०,०००. यांपैकीं एखादी संगणकास वेळेवर घेतां आली नाहीं, कीं ती गळते. एक गळाली तर डोळ्यांस कळतही नाहीं. परंतु २५ गळाल्या व आवाज मात्र पूर्ण उतरला, तर ओठ आणि शब्द यांत सेकंदाचें अंतर पडतें. ज्या आजीबाई आज हयात नाहींत, त्यांचा उखाणा त्यांच्या मिटलेल्या ओठांतून ऐकूं यावा, ही कोणत्या तऱ्हेची जपणूक?

असें झालें कीं बहुतेक मंडळी संगणकास दोष देतात व नवा विकत आणण्यास धांवतात. आमच्या मतें हा न्याय उफराटा आहे. पुष्कळ वेळां खरा अपराधी म्हणजे व्हीसीआर किंवा त्यांतील फीत असते. व्हीसीआरमधील हेड बसविलेला ड्रम मिनिटास १,५०० फेरे घेतो व प्रत्येक फेऱ्यांत एक चौकट वाचतो. फीत ताणलेली वा सुरकुतलेली असली, कीं ओळींच्या व चौकटींच्या आरंभीं असणाऱ्या संकेतांचा ताल चुकतो. जुना कांचेच्या नळीचा टीव्ही मोठा सहनशील. मुरलेल्या पखवाजवाल्याप्रमाणें तो चुकणाऱ्या गवयास सांभाळून घेई. कॅप्चर कार्डाचें तसें नाहीं. त्यास दर ४० मिलिसेकंदांनीं चौकट हवी. ताल फार बिघडला तर तें तिला सोडून देतें.

दोष कोणाचा हें ठरविण्यास फारसा खर्च येत नाहीं. डीव्हीडी प्लेअर त्याच तारेनें जोडावा व त्यांत घरगुती डिस्क लावून वीस मिनिटें चित्र उतरवावें. (बाजारांतील चित्रपटाची डिस्क नको, तिच्यांतील नक्कलविरोधी संकेत कार्डास गोंधळवूं शकतो.) एकही चौकट न गळाली, तर संगणक निर्दोष समजावा. मग एकच कॅसेट दोनदां उतरवावी. गळती त्याच जागीं झाली तर फितीकडे पाहावें, निराळ्या जागीं झाली तर व्हीसीआरकडे.

संगणकच दोषी ठरला, तरी कारण बहुधा क्षुल्लक असतें. ७२० × ५७६ ठिपक्यांचें चित्र, ठिपक्यास दोन बाइट धरून, न दाबतां घेतल्यास सेकंदास सुमारें २१ मेगाबाइट, म्हणजे तासास सुमारें ७५ गिगाबाइट मजकूर डिस्कवर लिहावा लागतो. त्याच वेळीं त्या डिस्कवर विषाणुशोधक प्रोग्रॅम फिरत असेल, तर ती मागें पडणारच. लेखन वेगळ्या डिस्कवर करावें, चित्रांतील कांहींही न गमावतां आकार कमी करणारी हफवाययूव्हीसारखी पद्धत घ्यावी, आणि यूएसबी यंत्र हबास न जोडतां थेट संगणकास जोडावें.

फीत दोषी असल्यास ती एकदां शेवटपर्यंत पुढें व मग मागें गुंडाळून घ्यावी. व्हीसीआरचे हेड साफ करवून ट्रॅकिंग जुळवावें. एवढ्यानें न भागल्यास टाइम बेस करेक्टर हवा. हें यंत्र येणारें चित्र क्षणभर आपल्यापाशीं ठेवून नियमित तालांत पुढें पाठवितें. तें महाग आहे खरें. परंतु पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्यें जोडून त्यांतून चित्र नुसतें पुढें जाऊं दिलें, तरी पुष्कळ काम भागतें. कोंकणांतले पावसाळे काढलेल्या कॅसेटीवर पांढरी बुरशी दिसल्यास ती साफ केल्याशिवाय यंत्रांत घालूं नये. नाहींतर एकीची बुरशी पुढच्या सगळ्यांस लागते.

आमची मुख्य तक्रार मात्र मोजणी न ठेवणाऱ्यांविरुद्ध आहे. ॲव्हरी ली यांचा व्हर्च्युअलडब हा विनामूल्य प्रोग्रॅम किती चौकटी गळाल्या व किती पदरच्या घातल्या हें वेगवेगळें दाखवितो. पदरची चौकट म्हणजे भोंकावर लावलेलें ठिगळ. कांहीं प्रोग्रॅम हे आंकडे दाखवीतच नाहींत, व पैसे घेऊन हें काम करणारे दुकानदारही ते क्वचितच सांगतात. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन घरीं येतें आणि कॅसेट भंगारांत देतें. शाळांनीं तरी असें करूं नये. प्रत्येक फाइलीबरोबर गळालेल्या चौकटींचा आंकडा मागून घ्यावा, फाइल शेवटपर्यंत पाहावी, आणि तो आंकडा व तारीख लिहिलेली चिठ्ठी कॅसेटीच्या पेटींत घालून ती पेटी कोरड्या कपाटांत उभी ठेवावी.